कचऱ्यात सापडलेलं लाल झाकण

बारके,

दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावून लगेच येते. चहा थर्मासमध्ये आहे.

सकाळी केर टाकायला गेले तर बाटलीचं लाल झाकण कचऱ्यात. मेंदूच्या डॉक्टरांनी तुला काम दिलं होतं एवढंसं. रोज एकेक डोळा झाकून त्या झाकणाकडे बघायचं, आणि लाल फिकं वाटलं तर डोळ्यामागची नस पुन्हा सुजली समजून तडक दवाखाना गाठायचा. तू झाकणच फेकून दिलंस. शहाणीच आहेस!

काल त्या लाल फ्रॉकला तू विटकरी दोऱ्याने टीप मारलीस, तेव्हा मी म्हटलं, दमली असेल पोरगी. दमलेय तर मीही गं. मागच्या वेळचं तुझं हॉस्पिटल अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही, आणि ते तुला दिसतं, म्हणूनच तू गप्प बसलीस ना?

फ्रॉक उसवून ठेवलाय. गिऱ्हाईक थांबेल. तू दवाखान्याची फाइल काढून तयार राहा.

झाकण धुऊन आरशापाशी ठेवलंय. मी ओरडणार नाही. फक्त मी येईपर्यंत बघून ठेव आणि खरं सांग: एकाच डोळ्याला फिकं दिसतंय, की आता दोन्हींना?

ताई