अहो, नळ्या कोणत्या लावू?

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं. पण उभ्या संसारात मी तुम्हाला कधी असलं काही म्हटलं नाही. आता म्हटलं तर दचकून परत याल. तसे आलात तर बरंच आहे म्हणा! पण 'अहो'वरच भागवते.

पत्राला कारण तुमची गाडी. दुसरं काय असणार? आज सकाळी भिला मिस्त्री उधन्याहून रिक्षा करून आला आणि आपल्या झोपाळ्यावर दोन धुडं ठेवून गेला. एक म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर काढणाऱ्या तुमच्या लाडक्या चार लांब नळ्या, घासूनपुसून चकचकीत केलेल्या. दुसरं त्याच कामाचं ते जुनं बिडाचं धुराडं, झाळ मारलेलं. आपला सुहास गाडी पुण्याला नेणार आहे. त्याच्या सोसायटीत आवाज खपायचा नाही, म्हणून त्याने मिस्त्रीला बिडाचं लावून मागे भलामोठा सायलेन्सर बसवायला सांगितलंय. मिस्त्रीने त्याच्यापुढे मान हलवली आणि सरळ माझ्याकडे आला.

"वयनी, गाडी दादानी से. तुम्ही सांगशात तेच लावसू."

उद्या सकाळी त्याला उत्तर हवंय. जिला गाडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळायला वर्ष लागलं, तिच्यावर ही वेळ आणलीत!

बँकेतल्या माणसाने फार तर स्कूटरसाठी नंबर लावावा. तुम्ही काय केलंत? कुणा माजी संस्थानिकाच्या तबेल्यातून ही विलायती गाडी दोरीने ओढत आणलीत. तीही दोघांची! घरात माणसं चार. वर सीटखाली कोंबडीची अंडी निघाली. सासूबाईंनी आधी गोमूत्र शिंपडलं, मग हळदकुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या त्या बसल्याच. मला सीट मिळायला पुढची संक्रांत उजाडली.

ती जेवणातली चर्चा आठवते? तुम्ही आमटीत बोट बुडवून ताटात इंजिन काढत होतात. या गाडीला सुपरचार्जर आहे, तो भात्यासारखी हवा कोंबतो, म्हणून ती पळते. पण जेवढं कोंबलं तेवढा धूर बाहेर पडायला वाट हवी, आणि ते बिडाचं तर चिरलेलंही आहे आणि अरुंदही. सासूबाईंनी भाताचा घास हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे गाडीला बद्धकोष्ठ झालंय. एरंडेल दे." तुम्हाला ठसका लागला. पण नंतर बँकेत सगळ्यांना तुम्ही तसंच समजावून सांगत होतात, हे माझ्या कानावर आलंय.

मग नळ्या बघण्याचा कार्यक्रम झाला. दुसरा शब्दच नाही त्याला. मिस्त्रीने मिलच्या पाइपातून चार नळ्या वाकवून आणल्या, झोपाळ्यावर मांडल्या आणि मी सवयीने पोहे केले! चारही नळ्या सारख्या लांबीच्या, पुढे जाऊन एकीत मिळतात, म्हणजे एकीचा धूर दुसरीच्या वाटेत येत नाही, असं तुम्ही कौतुकाने सांगत होतात. लगेच सासूबाई म्हणाल्या, "एका घरात राहून एकमेकींच्या वाटेत यायचं नाही, हे लोखंडाला कळलं बघ." आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! तुम्ही तेव्हा नळीत डोळा घालून बसलात. सोयीचंच होतं ते.

अंगणात त्या लावून गाडी सुरू केलीत तेव्हा पलीकडच्या कांताबेनच्या मांडणीवरचे डबे नाचले. "बेन, आ तो रोज दिवाळी छे!" असं म्हणत ती धावत आली. मी आडवी आले. म्हटलं, हे असलं लावणार असाल तर मी माहेरी जाते.

कांताबेनचे डबे गेले चुलीत. मला भीती होती ती तुमची. रविवार आला की तुम्ही बारडोलीच्या रस्त्याला लागायचात, तो सरळसोट रस्ता, मध्येच उसाच्या गाड्या, आणि तुमचा तो उजवा पाय! मला वाटलं, आवाज कमी तर वेगही कमी. बाईमाणसाचं यंत्रशास्त्र!

तुम्ही ऐकलंत. मिस्त्रीकडून बिडाचं झाळून घेतलंत आणि मुकाट्याने लावलंत, कारल्याची भाजी वाढल्यासारखं तोंड करून.

त्या रविवारी तुम्ही गेलात ते कळलंच नाही. परत कधी येणार, तेही कळेना. दुपारचे चार वाजून गेले. फाटकाबाहेर नुसते टांगे आणि सायकली. मी दाराशी आणि ओट्याशी फेऱ्या घालत होते, देवांना काय काय कबूल करत होते. एरवी तुम्ही लांब असतानाच कानाला कळायचं, आता कान नुसते पोकळ झाले होते. आणि अचानक मागून, "अगं, चहा टाकतेस ना?" परसदारी गाडी लावून, अख्खा ऊस खांद्यावर घेऊन उभे होतात तुम्ही. माझ्या हातातली परात पडली. मी रडत होते आणि तुम्ही हसत होतात. किती राग आला होता मला!

रागातच म्हटलं, "उद्याच्या उद्या त्या चार नळ्या लावा. तुम्ही येताय हे मला ऐकू आलं पाहिजे."

"आणि माहेर?"

"माहेरी हा आवाज पोचत नाही."

तेव्हापासून तुम्ही तिकडे लांब उधना दरवाज्याशी आलात की आवाजावरून मी आधण ठेवायची. तुम्ही बूट काढेस्तोवर चहा गाळलेला. कधी मी परसात असले तर कांताबेन ओरडायची, "बेन, साहेब आवी गया, चा मूको!" डबे तिने केव्हाच खालच्या फळीवर ठेवले होते.

आणि एवढं सगळं शिकवून गेलात कसे? गेल्या थंडीत पोंकाचा हुरडा आणि शेव खाऊन त्याच झोपाळ्यावर आडवे झालात. मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात होते. झोपाळ्याची कडीसुद्धा वाजली नाही. जन्मभर सगळ्या सुरतेला कळवून घरी येणारा माणूस, बायकोला न कळवता गेलात! मी चहा दोन कप गाळून आणला होता हो. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे समजून असा.

असो. नळ्यांचं ठरलंय. या चार लांबच लागणार. सुहास वाद घालील, "आई, पुण्यात नै चाले," म्हणेल. म्हणू दे. त्याचा उजवा पाय तुमच्यावर गेलाय आणि घरात नवी सून आहे, ती वाट बघत बसणार आहे. गाडी हवी तर आवाजासकट ने, असं सांगणार आहे. सोसायटीतल्या लोकांचे डबे खालच्या फळीवर जातील हळूहळू.

आणि एक वचन. मी येईन तेव्हा तुमच्यासारखी गुपचूप यायची नाही. बांगड्या वाजवत, खोकत, सासूबाईंना लांबूनच हाका मारत येईन. ऐकू आलं की आधण ठेवायचं. तोवर चहा करायला शिका.

तुमची,
कुमुद