चॅनल ऐंशीवर शार्दूल

रविवार, १ जून. रात्री ९
मुरलीधरमामांकडे जेवण. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, अक्षयाचे, सख्खे मामा, वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं साउथहॅम्प्टनमध्ये. मामी गेल्यावर त्यांनी एक जुनी मोटरबोट घेतली आणि तिला मामींचं नाव दिलं, ‘आशा’. आता त्यांना कमी ऐकू येतं, रेडिओवरचं तर काहीच कळत नाही. एजवेअरच्या त्यांच्या मुलीनं, आसावरीनं, फोनवरून अट घातली आहे : रेडिओचं सर्टिफिकेट असलेलं कुणीतरी बरोबर असेल तरच बोट बाहेर काढायची, नाहीतर ऑगस्टअखेर विकायची. गिऱ्हाईकही बघून ठेवलं आहे.
मामा मला म्हणाले, “शार्दूलराव, तुम्ही बोला. मी चालवतो.”
मी हो म्हटलं. एवढ्या लोकांत जबाबदार माणूस त्यांना दुसरा कोण मिळणार?

मंगळवार, ३ जून
नियम वाचले. या देशात टीव्ही बघायला लायसन्स लागतं, समुद्रात बोट घेऊन जायला लागत नाही. कुठलाही चड्डीतला माणूस इंजीन चालू करून निघू शकतो. फक्त त्यानं तोंड उघडायचं ठरवलं तर दोन कागद लागतात : एक रेडिओच्या सेटचा, एक बोलणाऱ्याचा. हा फरक मरीनातल्या, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावरच्या, दहापैकी नऊ जणांना माहीत नसेल, पैजेवर सांगतो.

गुरुवार, ५ जून
सेटचं लायसन्स काढलं. फुकट, ऑनलाइन. वेबसाइटवर पाच मिनिटं लागतील असं लिहिलं होतं. मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण मी वाचतो. ‘आशा’ला कॉल साइन मिळाली आणि नऊ आकडी नंबर मिळाला. लॅमिनेट केलं. अक्षयानं विचारलं की बोलणाऱ्याच्या कागदाचं काय. म्हटलं, क्रमानं होईल. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स असूनही तिला क्रमाचं महत्त्व कळत नाही.

शनिवार, १४ जून
मरीनात चार तास. शेजारच्या बोटीवरचा टक्कल पडलेला गृहस्थ चॅनल सोळावर ‘रेडिओ चेक’ मागत होता. सोळा हे संकटासाठी राखलेलं चॅनल. नळाला पाणी येतंय का बघायला कुणी फायर ब्रिगेडला फोन करतं का? त्याच्या बोटीचं नाव लिहून घेतलं. नोटिसबोर्डवर ‘मरीना’चं स्पेलिंगही चूक आहे. पेनानं दुरुस्त केलं.
मामा सेट चालू असताना त्याच्याशी “हॅलो, हॅलो, मुरली हिअर” असं बोलतात. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली, पण शिस्त शिकले नाहीत. मी डिप्लोमाची दोनच वर्षं केली, तिसरं कॉलेजच्या दर्जामुळे सोडलं. पण शिस्त आहे.

रविवार, २२ जून
कोर्स बुक केला. एक दिवसाचा, शेवटी परीक्षा. १२ जुलै. अक्षया म्हणाली, मीही येते, दोघांना येत असलेलं बरं. नको म्हटलं. तिनं एकदा मला हॉस्पिटलातून फोन करून एका दमात तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि शेवटी ‘ओव्हर’ नाही, काही नाही.
संकल्प : रोज एक तास मोठ्यानं सराव. मेडे, पॅन पॅन हे संकटाचे पुकारे, बोटीचं नाव तीनदा, जागा, धोका, माणसं किती.

सोमवार, ७ जुलै
सराव मनातल्या मनात चालू आहे. मोठ्यानं केला तर खालच्या मजल्यावरचे लोक पोलीस बोलावतील. मनातला उच्चार जास्त शुद्ध असतो, हे माझं निरीक्षण आहे.

शनिवार, १२ जुलै. संध्या. ५
परीक्षा.
परीक्षक नौदलातून निवृत्त झालेली बाई. ज्ञान बेताचं. लंचपर्यंत मी तिला अकरा शंका विचारल्या. पाचवीपासून ती घड्याळ बघायला लागली, यातच सगळं आलं. बाकीचे सहा विद्यार्थी : दोन पेन्शनर, एक हनिमूनचं जोडपं, एक प्लंबर, एक शाळेतली मुलगी. सगळे पास.
लेखीत मला पूर्ण मार्क. प्रॅक्टिकलमध्ये मी मेडेचा संदेश असा दिला की तिथं खरी बोट बुडत असती तर लोक रडले असते. दोन्ही वेळा. बाईचं म्हणणं, माइकचं बटण दाबलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा बटण दाबलं, तर घसा. एसीमुळे बसलेला घसा ही वैद्यकीय अडचण आहे, अज्ञान नाही. बाई म्हणाल्या, पुन्हा या.
जाणार नाही.

त्याच दिवशी, रात्री ८
मामांचा फोन. पास झालो म्हणून सांगितलं, सर्टिफिकेट पोस्टानं येईल. ज्याला लेखीत पूर्ण मार्क आहेत तो तत्त्वतः पासच आहे. अक्षयालाही तेच सांगितलं.

रविवार, १३ जुलै
मामांनी गिऱ्हाइकाला नकार कळवला. बोटीवरची ‘फॉर सेल’ची पाटी काढून दुमडून कचऱ्यात टाकली. आसावरीला फोन लावून माझ्या हातात दिला. ती खूप वेळ थँक यू म्हणत होती. मग मामा मरीनाच्या ऑफिसात पेढे घेऊन गेले. तिथल्या मायराला पेढा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. इथंच जन्मलेली, आजी सोलापूरची, आणि ही तऱ्हा. ‘हा काय आहे?’ म्हणाली आणि दोन खाल्ले.

शनिवार, २६ जुलै
‘आशा’ बाहेर. समुद्र शांत. मामा सुकाणूवर, मी रेडिओपाशी. परत येताना मामा म्हणाले, मरीनाला बोलवा, बर्थ, म्हणजे बोट लावायची जागा, मोकळी आहे का विचारा. मरीनाचं चॅनल ऐंशी. मी सांगितलं की चॅनल बिझी आहे. दुसऱ्यांदा सांगितलं की अजून बिझी आहे. मग मामा आपणच हळूहळू आत शिरले आणि एका मोठ्या यॉटवाल्यानं आम्हाला हात हलवून काहीतरी सांगितलं. मामांना ते अभिवादन वाटलं.
अनुभवी ऑपरेटर गरजेपुरतंच बोलतो.

रविवार, ३ ऑगस्ट
मामा रोज विचारतात, सर्टिफिकेट आलं का. पोस्टाचा संप सांगितला. म्हणाले, संप कधी झाला? पेपर वाचत नाहीत, हे एक बरं.

शनिवार, ९ ऑगस्ट. दुपारी ३
घटना जशी घडली तशी लिहितो, म्हणजे पुढे कुणी विपर्यास करू नये.
सकाळी ११. बोट बर्थला बांधलेली. मामा भरती-ओहोटीचा तक्ता आणायला मरीनाच्या ऑफिसात गेले. रेडिओ ऐंशीवर. मला सांगलीहून समरचा फोन आला. समर म्हणजे डिप्लोमाचा पार्टनर, माणूस सामान्य पण ऐकून घेतो. मी बाकावर बसून त्याच्याशी बोललो. काय बोललो ते खाजगी होतं. मुद्दे एवढेच : की मी नापास आहे आणि कुणाला पत्ता नाही. की म्हाताऱ्याला फॉर्मवरचं इंग्रजी वाचता येत नाही आणि कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे काम सोपं आहे. की बायकोच्या स्मरणार्थ लोक झाड लावतात, यानं गळकी बोट घेतली. की मी नसतो तर हा केव्हाच घरी बसला असता.
माइक बाकावर पडलेला होता. मी त्यावर बसलो होतो. बटणासकट.
पाच मिनिटांनी मायरा जेटीवरून पळत आली. म्हणाली, तुमचा माइक अडकला आहे, पूर्ण चॅनल बंद पडला आहे. मी तिला समजावत होतो की अशा वेळी धावत न येता कोणती पद्धत वापरावी. तेवढ्यात तिच्यामागून मामा आले. हातात चहाचे दोन कागदी कप. एक मला दिला.
म्हणाले, “ऑफिसातल्या स्पीकरवर मला छान ऐकू येतं, शार्दूलराव.”
चहात साखर बरोबर होती.

रविवार, १० ऑगस्ट
शांतपणे विचार केला. चूक मरीनाची आहे. मामींचा विषय निघाल्यावर स्पीकर बंद करणं हे साधं सौजन्य आहे. शिवाय मराठी कळणारे तिथं दोघंच होते, म्हणजे बदनामी कायद्यानं नगण्य.
अक्षया बोलत नाही. मामांनी तिला काही सांगितलं नाही, मायरानं सांगितलं. “काका, तुमचा जावई वाईट बोलला” असं तिनं ऑफिसात मामांना म्हटलं होतं म्हणे. अर्धवट मराठी येणारी माणसं नेमकं नको ते समजतात.

गुरुवार, १४ ऑगस्ट
मामांनी आसावरीला फोन करून सांगितलं की बोट विकून टाक. मला अक्षयाकडून कळलं. ती कपड्यांना इस्त्री करत होती, माझ्या कपड्यांना नाही. म्हणाली, “मामा पाच दिवस घराबाहेर पडले नाहीत. तुला कळतंय का?”
मला सगळं कळतं. म्हणूनच त्रास होतो.
पत्र लिहायला घेतलं. माफीचं नव्हे, खुलाशाचं. चौथ्या पानावर थांबलो.

शनिवार, २३ ऑगस्ट
अक्षया सकाळी लवकर गेली, शिफ्ट आहे वाटलं. संध्याकाळी परत आली ती मामांना घेऊन. त्याच नौदलाच्या बाईकडे कोर्स करून, पास होऊन. एका प्रयत्नात. बाईंनी तिला विचारलं म्हणे, आडनाव ओळखीचं वाटतं.
परीक्षेचा दर्जा किती घसरला आहे याचा हा पुरावा. थिएटरमध्ये रोज दहा जणांना ओरडून सांगणाऱ्या बाईला तुम्ही दोन वाक्यं बोलायला लावता आणि सर्टिफिकेट देता. मामा मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. ‘फॉर सेल’ची पाटी पुन्हा लावलेली नाही.
मी आत बसून पत्राची चार पानं फाडली.

शनिवार, ३० ऑगस्ट. संध्या. ७
‘आशा’ आज समोरच्या बेटावरच्या काउजपर्यंत जाऊन आली. मामांनी मलाही चला म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. अक्षया तर म्हणणार नव्हती. मला पुढच्या टोकाला दोर धरून बसवलं.
येताना मरीना दिसायला लागली. मामांनी इंजीन अगदी मंद केलं. अक्षया माइक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “एकदा तू बोल. मी शेजारी आहे, नियमात बसतं.”
नियमात बसतं. सर्टिफिकेटवाला देखरेखीला असेल तर चालतं. पान अकरा.
मामा बघत होते. मी बटण दाबलं. दाबलं, ही गोष्ट अक्षयानं पाहिली आहे. संदेश पाठ होता : मरीनाचं नाव, आमचं नाव, आम्ही येतोय, बर्थ द्या. सात शब्द. समोर पाणी होतं आणि मामांचा चेहरा होता. नऊ तारखेला जे पाच मिनिटं न थांबता आलं त्यातलं काहीच येईना.
मग मायराचा आवाज आला की तुम्ही जे कोण आहात ते, नुसता श्वास ऐकू येतो आहे, बोला.
मी बटण सोडलं. अक्षयानं माइक घेतला, बर्थ मागितली, मिळाली. मध्येच “थँक्स, डार्लिंग” म्हणाली, जे कुठल्याही पद्धतीत नाही.
मामांना उत्तर ऐकू आलं नव्हतं. तिनं बोटांनी आकडा दाखवला, त्यांनी मान हलवली आणि बोट सरळ आत घेतली. जेटी जवळ आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “दोर टाका, शार्दूलराव.”
टाकला. पाण्यात पडला.
“पुन्हा टाका,” मामा म्हणाले.