अभिप्रायाखाली नाव

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार

जिंकले! आजपासून वाचनालयात निनावी अभिप्राय बंद.

आमच्याकडे लोक पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवरच मतं लिहितात. जुनी खोड. त्यातली बरी बरी मी कार्डावर उतरवून दारातल्या फळ्यावर लावते. पण खाली नाव घालायला कोणी तयार नाही. आज चिटणीस तिप्पण्णा सरांना स्पष्ट सांगितलं — मत द्यायचं तर नावानिशी. ज्याला स्वतःच्या मताखाली नाव घालवत नाही, त्याचं मत आपण का वाचायचं?

सर चष्मा पुसत राहिले. "महानंदा, तू बी.ए. झालीस, मान्य. पण लोक नावाला भितात गं."

म्हटलं, म्हणूनच तर!

सुरुवात टोपीवाल्याच्या पुस्तकापासून करायची. खरं नाव कोणाला आठवत नाही. मुखपृष्ठावर तिरकी टोपी घातलेला माणूस आहे, म्हणून टोपीवाल्याचं. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी दारूबंदी होती, तेव्हाची गोष्ट — चोरटी दारू, टोळ्या, बंदुका. मराठी भाषांतर यथातथाच. पण वर्षभरात छत्तीस जणांनी नेलं! मागची पानं भरून गेलीत.

"माणसे फार मरतात. जेवतात कधी ते लिहिलेले नाही."

"नायक चोर, पोलिसही चोर. मग आपण कोणाच्या बाजूने वाचायचे?"

"आपल्याकडची बंदी ढिली झाली ते बरे. नाहीतर असली पुस्तके इकडेही निघाली असती."

"पान ११२ ते ११६ कोणी फाडली? नेमकी तिथेच ती बाई येते. फाडणाऱ्याचे तळपट होवो." — याच्याखाली तर नाव हवंच होतं!

५ फेब्रुवारी

आज मी पुस्तकात ती पानं शोधली. खरंच नाहीत. (मलाही वाईट वाटलं, हे फक्त इथे.)

९ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस सुट्टी. दुपारी अप्पांच्या सायकल दुकानात बसून त्यांना टोपीवाला वाचून दाखवला. अप्पा मराठी बोलतात, पण वाचतात फक्त कानडी. मी घरी अप्पा-अव्वांशी कानडी बोलते, पण शाळा मराठी, त्यामुळे कानडी अक्षर म्हणजे मला जिलबी. एका घरात दोन अडाणी — उलटसुलट!

टोपीवाला लॉरीतून बाटल्यांची खोकी नेतो तिथे अप्पा पंक्चर काढता काढता थांबले.

"बाटल्या? वाजतात की. लांबनं पोलिसाला ऐकू जाईल."

"मग कशातून नेणार?"

"पुढं वाच."

तेवढ्यात एक गाडीवाला आला. "मालक, एखादी जुनी ट्यूब द्या की, ओझं बांधायला." अप्पा नाही म्हणाले. तो पैसे देतो म्हणाला तरी नाही. तो गेल्यावर कोपऱ्यातली फाटकी ट्यूब घेतली, कात्रीने वीतभर वीतभर तुकडे केले, मगच टोपलीत टाकली. नेहमीचंच. कैक वर्षं बघतेय. अव्वा म्हणते, "तुझ्या अप्पांचं आणि ट्यूबचं मागच्या जन्मीचं वैर आहे."

मी म्हटलं, "अप्पा, पुस्तक संपलं की मत सांगा. मी लिहून घेते. पण नावासकट हं!"

"आधी ऐकून तर होऊ दे, यव्वा."

बाकीचं रोज थोडं थोडं वाचू. वर्गातल्या राजाबाईला परत द्यायचंय पुस्तक, तिची शेवटची पानं राहिलीत — थोडे दिवस उसनं मागून आणलंय तिच्याकडूनच!

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय लिहू, कसं लिहू!

राजाबाईने टोपीवाला परत आणला. राजाबाई माझ्या प्रौढांच्या वर्गातली. घरी कांड्या भरते — मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर चरखा. लहानपणी तिसरीपर्यंत शिकलेली, मग सगळं पुसून गेलेलं. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या ओसरीवर पुन्हा पाटी धरली. आणि हे तिचं पहिलं पुस्तक! अडीचशे पानं! बोट ठेवून ठेवून, तीन महिने.

पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "मागं लिवलंय. वाचा तुमी. मी गेल्याव."

ती गेल्यावर वाचलं. जसंच्या तसं उतरवते.

"पुस्तक वाचलं. टोपीवाला गोळी लागून मरतो. त्याला फुलं किती! माझा मालक बी हेच काम करायचा. त्याला मोटार नव्हती. सायकलच्या टूबात दारू भरायची, पोटाला गुंडाळायची, वरून सदरा. पोलिस मागं लागलं, पळताना हिरीत पडला. टूबात हवा आसती तर तरला आसता. पुस्तकात माल वाहनाऱ्याला नाव न्हाई. नुसतं एक माणूस मेला आसं लिवलंय. त्याला बी बायको आसंल."

मी रडले. छत्तीस जणांनी वाचलं हे पुस्तक. मी दोनदा वाचलं. त्या 'एक माणूस'कडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पण खाली नाव नाही! वाहणाऱ्याला नाव नाही म्हणून भांडते, आणि स्वतःचं घालत नाही!

१६ फेब्रुवारी, शनिवार

कार्ड केलं. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. नाव मीच घातलं — राजाबाई बिरप्पा वाघमोडे, प्रौढ वर्ग. बिरप्पाचंही नाव आलं त्यात. आता तो 'एक माणूस' राहिला नाही.

तिप्पण्णा सर म्हणाले, "तिला विचारलंस?"

म्हटलं, "सर, विचारलं तर ती लाजेल. लावलेलं बघून तिला आनंद होईल."

१८ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर फळ्यापुढे गर्दी. गुंडा नावाचा एक जण — अक्कलकोट रोडला मागावर कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी सायकलवर पेपर वाचायला येतो — त्याने ते कार्ड तीनदा वाचलं. मग मला विचारलं, "ही राजाबाई म्हंजे आमच्या माळशिरसच्या सोयऱ्यांची व्हय? कांड्या भरनारी? कस्तुराची आई?"

मी म्हटलं, "हो! माझ्या वर्गातली!"

कसला अभिमान होता आवाजात.

२१ फेब्रुवारी

राजाबाई आजही वर्गाला नाही. सलग चौथा दिवस.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

केराबाईने सांगितलं. राजाबाईची शेजारीण, तीही वर्गाला येते. आज पाटी न काढताच बसली.

कस्तुराचं लग्न ठरलं होतं. माळशिरसचा मुलगा. सुपारी फुटलेली, पुढच्या महिन्यातली तारीख धरलेली. गुंडा हा मुलाचा मामा. राजाबाईने सोयऱ्यांना सांगितलं होतं — नवरा विहिरीत पाय घसरून गेला. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, चाळीत दोघा-तिघांनाच खरं ठाऊक, आणि त्यांनी तोंड मिटून ठेवलं. सहा वर्षं.

मी मोठ्या अक्षरात लिहून दारात लावलं.

परवा माणसं येऊन सुपारी मोडून गेली. "दारू वाहणाऱ्याची पोरगी करायची न्हाई आमाला." केराबाई म्हणाली, "त्यो गुंडा सोता दर पगाराला परवान्याच्या दुकानाम्होरं उभा. पर प्यालेलं चालतं बगा, बाई. वाहिलेलं न्हाई चालत."

मग म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं म्हना."

हे ऐकून जास्त लागलं.

कार्ड काढलं. चार टाचण्यांची भोकं राहिलीत फळ्यावर.

२३ फेब्रुवारी, शनिवार

गेले होते. रस्त्यात दोनदा परत फिरले.

राजाबाई दारातच सूत सोडवत होती. वर न बघता म्हणाली, "या मास्तरीनबाई. फळा आनलाय का संगं?"

मी उभीच. म्हटलं, "मला वाटलं तुम्ही धाडसानं लिहिलंय. लोकांना कळावं म्हणून —"

"लिवलं ते पुस्तकाला लिवलं. गावाला न्हाई."

"मी सोयऱ्यांकडे जाते. माळशिरसला जाऊन समजावून सांगते."

"काय सांगनार? फळ्यावर लावलं ते खोटं हाय म्हननार?"

ती सूत सोडवतच राहिली.

"मी बी खोटं न्हाई बोलले. हिरीत पाय घसरला म्हनले. घसरलाच की! बाकीचं कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. एवढंच राखलं हुतं पोरीसाठी." मग चरख्याकडे बघत म्हणाली, "बसा. च्या घ्या. दारात आलेल्याला तसं न्हाई धाडत."

चहा घेतला. कस्तुरा आमच्याकडे पाठ करून कांड्या भरत होती. एकोणीस वर्षांची. चरखा न थांबवता म्हणाली, "आई, त्यास्नी इचार की. त्या टोपीवाल्याला पोरगी हुती का?"

मीच म्हटलं, "नव्हती."

"मंग सुटला."

निघताना राजाबाई माझ्यामागे दोन पावलं आली. वाटलं, काही बरं बोलेल. म्हणाली, "पाटी वाचनालयातच हाय माजी. दुसऱ्या कुनाला द्या."

२५ फेब्रुवारी, सोमवार

कार्यकारिणीची बैठक. ठराव — टोपीवाल्याचं पुस्तक वाचकांना देऊ नये. तरुणांवर वाईट परिणाम होतो. सगळा दोष पुस्तकाचा! मी उठून म्हटलं, चूक माझी आहे. एक सभासद म्हणाले, "बसा हो बाई. तुमचं वयच आहे चुकायचं." कोणी रागावलंसुद्धा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिप्पण्णा सरांनी बैठकीनंतर पुस्तक माझ्या हातात दिलं. "घरी ठेव. रद्दीत घालवत नाही मला." पायरीवर म्हणाले, "नाव ज्याचं त्यानं घालायचं असतं गं."

हे त्यांनी तेव्हाच म्हणायला हवं होतं. नाही — म्हणाले होते. मीच ऐकलं नाही.

घरी अप्पांना सगळं सांगितलं. राजाबाईचा अभिप्राय वाचून दाखवला, अवघड शब्द कानडीत करून. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील, म्हणतील जाऊ दे. त्यांनी फक्त विचारलं, "नाव काय म्हणालीस त्याचं?"

"बिरप्पा."

उठून हात धुवायला गेले. जेवण अर्धं टाकून.

२६ फेब्रुवारी

वर्गाला सात जणी होत्या. आज दोन. धडा घेतला. खडू दोनदा मोडला.

२७ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तक डोळ्यांपुढे नको म्हणून अप्पांच्या दुकानातल्या फळीवर ठेवून आले. "ट्यूबात हवा असती तर" — सारखं तेच वाक्य. अप्पांनी मला पोहायला शिकवलं ते पाठीला हवा भरलेली ट्यूब बांधून. मी सात वर्षांची. विहिरीच्या काठावर भोकाड पसरलं होतं. अप्पा म्हणाले होते, माझ्या हातचं ठिगळ आहे, सुटायचं नाही. मार उडी.

१ मार्च, शुक्रवार

अप्पांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. अव्वा म्हणते ताप. अंगाला हात लावून पाहिला — ताप नाही.

२ मार्च, शनिवार

आज दुकान उघडलं. अप्पांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मागच्या पानावर, राजाबाईच्या अक्षराखाली, तीन ओळी. कानडीत. मला वाचता येत नाहीत. फक्त शेवटचा शब्द ओळखला — माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी असायची ती सही.

म्हटलं, "अप्पा, वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. राजाबाईसारखंच, बोट ठेवून. "बिरप्पाला ट्यूब मी देत होतो. कशाला नेतो ते ठाऊक होतं. ठिगळं मीच लावत होतो. मल्लप्पा."

मग म्हणाले, "नाव माझं मीच घातलंय. बाईला आधी दाखव. ती हो म्हणाली तर फळ्यावर लाव."

कार्ड घेऊन बसलेय. तीन वाक्यं मराठीत उतरवून झाली. खाली नाव लिहायचंय.

हात चालत नाही.