शनिवार पाळणारी

आई, गेल्या रविवारी बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा चिखलीला माझ्या घरी येऊन गेला, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. घराण्याचा इतिहास जमवतोय म्हणाला. कोकणातलं मूळ गाव, तिथलं कब्रस्तान, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे आपले बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, पूर्वज, सगळं त्याला पाठ. ठाण्याहून एवढ्या लांब आला म्हणून मी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं. ताट मधे ठेवून एलियाहू नबीचं गाणं म्हटलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, ही जुनी चाल आता आमच्याकडेही कुणाला येत नाही, काकांकडून शिकलीस ना?

बाबांकडून! बाबांना चाल कधी धड जमलीच नाही, तूच त्यांना मधे थांबवून नीट म्हणून दाखवायचीस. अमडापूरच्या भाजीवाल्यांची लेक तू. एसटी डेपोतल्या परधर्मी मिस्त्रीशी लग्न केलंस म्हणून माहेराने दार लावलं. सासूने पहिल्या पावसाळ्यात कोकणातल्या घरी ठेवून घेतलं, पण स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. उंबऱ्याशी बसवलं. तिथूनच पाहून पाहून तू सगळं उचललंस. मला अजून दिसतं, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तू काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल घालून वात लावते आहेस. मटण नि दूध एकमेकांना लागायचं नाही, आणि मटणाचं पातेलं दुधाच्या फडताळाजवळ गेलं म्हणून माझ्या हातावर चापट मारते आहेस. दारफाळणीच्या उपासाला पांढरं पातळ नेसून दिवसभर दार बंद ठेवते आहेस, आणि घरात कुणी गेलं की काय म्हणून शेजारीण खिडकीतून हाका मारते आहे.

मी चौथीत असताना बाबा गेले. भावांनी त्यांना कोकणात नेऊन पुरलं. तू इथे भाजी विकायला लागलीस. मोठा बाजार नेमका शनिवारी भरायचा, आणि शनिवारी तू बसायची नाहीस. आदल्या दिवशी तोडलेली मेथी घरात पिवळी पडायची. मामाचा राग तोवर निवळला होता. एकदा तो समजवायला आला. माणूसच गेला, आता काऊन पाळून राह्यली हे, असं म्हणाला. तू जुड्यांवर ओलं फडकं टाकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "माणूस गेला. वार तं नाही गेला."

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकूंचं नाव वंशावळीत घेता येणार नाही. त्या आपल्यातल्या नव्हत्या. आणि नियमाने पाहिलं तर आपल्यात आईवरून धरतात, म्हणजे तूही नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट नाही वाटलं, आई. अंगाची आग झाली. कारण हेच शब्द मी आधी ऐकले होते. तू गेलीस त्या दिवशी, बाबांच्या बाजूला तुला जागा द्या म्हणून मी थोरल्या काकांना फोन केला होता. "त्या आपल्यातल्या नव्हत्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला. "मले यायच्या बाजूले ठेवजा," एवढंच तू मागितलं होतंस. शेवटी मामाने अमडापूरला तुला अग्नी दिला. जन्मात परक्या प्रार्थनाघराची पायरी न चढलेल्या त्या मामाने मला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात ते म्हण. मी धुराकडे तोंड करून शेमा, आपली शेवटच्या घडीची प्रार्थना, म्हटलं.

मी त्याला विचारलं, "मग आत्ता तू जेवलास ते कुणाचं?"

फोनचं त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं, बापाची बाजूही त्याने घेतली नाही. पण तुझं नाव घेतो असंही म्हणाला नाही. मी म्हणाले, तिला वगळून लिहायचं तर मलाही वगळ, आणि आता तू नीघ.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. तो उठला, गडबडीत चपला उलट्या पायांत घातल्या आणि स्वतःशीच हसला. खांदे उडवत, आवाज न करता, हुबेहूब बाबांसारखा. मी त्याला थांब म्हणाले आणि पुन्हा चहा टाकला.