सेकंड लेबल आणि खिडकीजवळची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून वाइन. गंभीरपणे.

कारण असं. आमचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, दातांचे डॉक्टर. त्यांचं वाइन चाखणाऱ्यांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा त्यांच्याच दिवाणखान्यात भरतं. त्यातली एक खुर्ची रिकामी झाली आहे. काल जेवताना व्याही सहज म्हणाले, जाणकार माणूस हवा. मीही सहज म्हणालो, माझं नाक उपजतच तल्लख आहे. लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला. प्रोत्साहन असावं.

व्याह्यांनी अभ्यासाला बाटली दिली. फ्रान्समधल्या बोर्डोची रेड, सेकंड लेबल. म्हणजे मोठ्या मळ्यातली निवडक द्राक्षं मुख्य बाटलीत जातात, आणि धाकट्या वेलींची वगैरे दुसऱ्या नावाच्या, जरा स्वस्त बाटलीत. थोडक्यात, धाकटी पाती. रविवारी परीक्षा. खुर्ची माझीच.

४ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळी सात
बाटली उघडली. बूच अर्धं बाहेर, अर्धं आत. चहाच्या गाळणीने प्रश्न सोडवला.

रंग बघायला मागे पांढरं लागतं. दुकानातून डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणला (चष्म्याच्या धंद्याचा असाही फायदा). ग्लासातून खालच्या तीन ओळी दिसत नाहीत. नोंद: वाइन दाट.

वास: आधी द्राक्ष. मग बराच विचार केल्यावर पुन्हा द्राक्ष. पुस्तकात देवदाराचं लाकूड म्हटलंय. नोंद: देवदार स्पष्ट. देवदार प्रत्यक्ष एकदा बघून घ्यायला हवा.

चव: जीभ कोरडी पडली, कच्चं केळं चावल्यासारखी. हिने एक घोट घेतला आणि म्हणाली, कडक आहे हो. तिला समजावलं की कडक हा चहाचा शब्द, वाइनला स्ट्रक्चर असतं. ती बरं म्हणाली.

५ नोव्हेंबर, बुधवार
जाणकार गिळत नाहीत, थुंकतात. आज बेसिनपाशी पाण्याने सराव. पहिला प्रयत्न आरशावर. दुसरा बनियनवर. व्याह्यांसमोर लोक दिवसभर थुंकत असतात, तिथे कमी पडून चालणार नाही. उद्यापासून रोज पंधरा मिनिटं.

कालची बाटली उघडी राहिली होती. म्हणजे मेलीच. मी हात लावत नाही. ही मात्र भाजी चिरताना घोटभर घेते. म्हणे, कालच्यापेक्षा मऊ झाली आहे. म्हटलं, मेलेल्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सराव राहिला. पण शब्दांवर पकड आली आहे (घोटानंतर रेंगाळते ती चव म्हणजे फिनिश). इतकी, की दुकानात एका बाईंना चष्मा घालून दाखवताना तोंडून निघून गेलं, फिनिश लांब आहे. त्यांनी काड्या आखूड करून मागितल्या.

लेकीचा फोन. बाबा, फक्त छान आहे म्हणा आणि गप्प बसा, ते माझं सासर आहे. पोर घाबरली आहे. तिला धीर दिला. तिने फोन आईला द्यायला सांगितला.

८ नोव्हेंबर, शनिवार
जीभ स्वच्छ राहावी म्हणून लसूण, तिखट, कॉफी बंद. कडकडीत पाळलं. (दुपारची कॉफी धरलेली नाही, त्यात दूध जास्त होतं.)

९ नोव्हेंबर, रविवार
झालं ते असं.

मंडळी जमलेली, सोबत ही आणि लेकही. रिकामी खुर्ची खिडकीजवळ, हिरव्या गादीची. व्याह्यांनी माझ्यापुढे दोन ग्लास ठेवले. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या. म्हणाले, बोला.

डाव न कळायला मी काय दूधखुळा आहे? एक मुख्य बाटली, एक सेकंड लेबल. डावा ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला, थुंकलो. बादलीतच, बहुतांशी. मग उजवा. मग उभा राहिलो. उजवा खानदानी, जुन्या वेली, देवदार, रेशीम. डावा धाकटा, हट्टी, पण संस्कार केले तर सुधारेल असा. बराच वेळ बोललो. एक गृहस्थ तर डोळे मिटून ऐकत होते.

व्याह्यांनी दुसरे दोन ग्लास भरून हिच्यापुढे ठेवले. म्हणाले, ताई, तुम्हीही बघा. हिने दोन्ही चाखले. चक्क गिळले.

"दोन्ही एकच आहेत ना, डॉक्टर? आमच्याकडे दिली होतीत तीच. ही डावी आत्ता उघडलीय, उजवी सकाळपासून उघडी असणार."

व्याह्यांनी कागद काढले. दोन्ही सेकंड लेबल. नव्या माणसाला दोन ग्लासांत एकच वाइन द्यायची, ही मंडळाची जुनी खोड म्हणे.

खरं बघता फरक मीही ओळखलाच होता. फक्त कारण जरा भव्य दिलं. लेक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. घाबरलेली पोर हसली, बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
व्याह्यांचा फोन. म्हणाले, खुर्चीचं ठरलं. मी म्हणालो, अहो, कशाला उगाच. ते म्हणाले, ताईंना फोन द्या.

ही आधी म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. मग लगेच हो म्हणाली.

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, चांगलंच वाईट वाटलं. दुपारभर दुकानात एकच काच पुसत बसलो. मग लक्षात आलं, हिला बोर्डो दाखवली कोणी? घरात उघडी ठेवली कोणी? गुरू म्हणून मी यशस्वी आहे.

शिवाय आमंत्रण मलाही आहे. पिऊन गाडी चालवायची नसते, तेव्हा हिला परत आणायला न पिणारं कोणीतरी हवंच.

१४ डिसेंबर, रविवार
पहिली बैठक. ही हिरव्या गादीवर. बोलते कमी, पण बोलली की सगळे माना डोलावतात. मी दाराजवळच्या स्टुलावर, गाडीच्या किल्ल्या घेऊन. तटस्थ निरीक्षणाला हीच जागा उत्तम. शिवाय दोन सभासदांची तब्येत मला काही ठीक दिसली नाही. पुढच्या वर्षी बघू.

विहीणबाईंनी आवर्जून मलाही ग्लास आणून दिला. देठाला धरून हळूच फिरवला. उजेडाकडे धरला. रंग अत्यंत निर्मळ. नाक आत घालून डोळे मिटले. आजूबाजूची कुजबुज थांबली.

"साधं फिल्टरचं पाणी आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. "घ्या बिनधास्त."