पलीकडच्या रेतीला बुडवलेल्या होड्या

चाचा, हे मी मराठीत लिहितोय. तुम्हाला मराठी यायची ती आमच्या घरातल्या शिव्यांपुरती, आणि आज लिहायचंय त्यातलं बरंचसं तेवढंच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकून गळायला लागले, आणि आता नदीच्या घाटावर बसलो की तुमच्यावर असा संतापतो की हातातला चहा गार होतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मराठी बाईंनी लाकडी होडी बांधायचा वर्ग काढलाय. तुमच्याच नावाडी बिरादरीतली पोरंपोरी येतात. त्यांच्या बापांच्या होड्यांना आता इंजिनं आहेत, रंधा कुणी हातात धरलेला नाही. शिकवतो कोण, तर मी, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, ड्यूटी संपली की तुमच्या होड्यांच्या कारखान्यात येऊन बसणारा. तुम्ही मला शिकवलं असं मी कुणाला सांगत नाही, कारण तुम्ही शिकवलं नाहीतच. मी बघायचो, चुकायचो, तुमची बोलणी खायचो आणि पुन्हा बघायचो. "पंडितजी, ई पटरा हौ, पोथी नाहीं," म्हणायचात आणि माझ्या हातातून फळी काढून घ्यायचात.

तर आमची होडी तयार झाली. पाण्यात सोडायला अख्खा घाट जमला, वर्गाला पैसे देणारी मंडळीही आली. नारळ फुटला, होडी तरंगली आणि थोड्या वेळात सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. येणारच. मी निवांत होतो. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, नाव तर लीक करते आहे. ह्या लोकांना मी काय सांगू?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की नवी होडी आधी पाणी पिते, काही दिवस बुडवून ठेवली की लाकूड फुगतं आणि सांधे मिटतात. तेव्हा तुमचा मुलगा उठला. इंजिनवाल्यांचा पुढारी आहे आता, भला माणूस, दिवाळीला आठवणीने मिठाई पाठवतो. हात जोडून म्हणाला, "पंडितजी, बाबूजी की नाव में तो पहले दिन से एक बूँद पानी नहीं आया. पूरा घाट जानता है." आणि पूर्ण घाटाने मान डोलावली.

चाचा, कुणी पसरवलं हे? आठवा, संध्याकाळ होतेय, तुमची नवी होडी तयार आहे, तुम्ही आणि मी ती नदीपलीकडच्या रेतीला नेतोय, वाळूची पोती टाकून काठोकाठ बुडवतोय. गिऱ्हाईक आलं की तुम्ही सांगता, रंग बाकी आहे. सांधे मिटले की तिला उपसायची, पुसायची, झेंडूची माळ घालायची आणि अशी आणायची जशी काही ती आईच्या पोटातूनच कोरडी आली. एकदा मणिकर्णिकेला चितांचं लाकूड पोचवणाऱ्या ठेकेदाराला मी सरळ सांगून बसलो की तुमची होडी पलीकडे पाणी पितेय. त्याच्यासमोर तुम्ही हसलात. तो गेल्यावर हातोडी खाली ठेवलीत. "ई बात घाट पे मत कहिहा." एवढंच, आणि मग कितीतरी दिवस मला चहा विचारला नाहीत.

त्या दिवशी घाटावर मी ते शेवटी बोललो. म्हटलं, नाव उस पार डूबी रहती थी, पोती मीच टाकायचो. तुमच्या मुलाचा चेहरा उतरला. चिडलाही नाही. म्हणाला, "पंडितजी, बाबूजी तो अब बोलने आएँगे नहीं." ज्यांना हे ठाऊक होतं ते तुमच्या वेळचे सगळे मिस्त्री गेले. पोराला तुम्ही कारखान्याची पायरी चढू दिली नाहीत, त्याचे हात डांबराने काळे व्हायला नकोत म्हणून. ठीक. पण एक वाक्य सांगायला काय होत होतं? तुम्हाला हवं होतं की लोकांनी म्हणावं, चाचांची होडी कोरडी येते. म्हणताहेत लोक. आणि तुमच्याच माणसांच्या पोरांवर त्यापायी वर्गाच्या शेडबाहेर जायची वेळ आलीय. पैसेवाले संक्रांतीनंतर पुन्हा येणार आहेत. पाणी दिसलं तर वर्ग बंद, आणि त्या जागेत फायबरच्या होड्या रंगवायला शिकवतील.

म्हणून मी होडी पलीकडे नेली नाही. पायऱ्यांशीच बुडवली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. येणारा-जाणारा हसतो. एकजण ओरडला, "पंडितजी ने नाव का श्राद्ध कर दिया." वर्गातल्या एका पोरीने त्याला तिथल्या तिथे ऐकवलं, "पानी पियत हौ, पिए दा." तुमचा मुलगा रोज सकाळी तिथे इंजिन बंद करतो, पाण्यात बघतो आणि निघून जातो.

हा कागद मी ट्रंकेच्या तळाशी ठेवणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. बाप तो बापच. पोरांना मी छातीठोकपणे सांगतो की सांधे मिटणारच, उगाच सारखं बघायला जायचं नाही. आणि पहाटे, कुणी यायच्या आधी, कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून मी एकेका सांध्यावरून बोट फिरवतो. काही मिटलेत, काही कळत नाही. इंजिनाचा आवाज आला की हात काढून घेतो आणि आंघोळीलाच आल्यासारखी नाक धरून डुबकी मारतो.