फोन ठणठणीत आहे, आजी

रविवार, ६ मार्च
काढली! दहाला दोन मिनिटं असताना कपाटामागे हात घालून भिंतीतली फोनची पिन काढली. नणंदेचा फोन दर रविवारी दहाला येतो. सासूबाई साडेनऊपासून फोनशेजारी खुर्ची टाकून. केस विंचरून — जणू पलीकडून दिसणार आहेत! साडेअकराला उठल्या. मग पिन परत लावली.

रविवार, १३ मार्च
पुन्हा. आज एक वाजेपर्यंत बसल्या. जेवण गार झालं. "विसरली असेल गं," मलाच सांगतात. मी म्हटलं, "कामात असतील वन्सं." आवाज किती गोड माझा!

वाईट नाही वाटत. माझ्या आईनं शेवटच्या आजारपणात फोन केला, तेव्हा ह्याच बाईनं "ती घरात नाही" म्हणून ठेवून दिला. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते. दुसऱ्या दिवशी आई गेली. वर मला म्हणे, "रोज रोज काय बोलायचं असतं?" आता कळू दे.

सोमवार, १४ मार्च
म्हातारीनं डोक्यात घेतलं — फोनच बिघडलाय! टेलिफोन ऑफिसात यंत्र बसवलंय, आपला फोन आपणच तपासायचा. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, पोटाशी धरून नेला. मी सोबत.

वायर यंत्रात खुपसायची, रिसीव्हर उचलायचा, सगळी बटणं ओळीनं दाबायची. दोनदा चुकल्या. मागची रांग कुरकुरायला लागली. मी हात लावला नाही. शेवटी घंटी वाजली, हिरवा दिवा लागला. "फोन ठणठणीत आहे, आजी," मागचा माणूस म्हणाला. "अजून एकदा बघते." तीन वेळा हिरवा! यंत्र फोन तपासतं, सुनेला नाही.

वाटेत म्हणाल्या, "लाल लागला असता तर बरं झालं असतं गं." मी तोंडाला रुमाल लावला. हसू आवरेना.

रविवार, २० मार्च
पिन काढली. पण त्या खुर्चीकडे फिरकल्याच नाहीत. नवरा त्यांना म्हणाला, "तूच कर की फोन." तर, "मी का करू? तिनं टाकलंय मला." दुपारी लेकीचा फोटो कपाटात पालथा ठेवला. फिटंफाट झाली. आता ही बाई नजरेसमोरून गेली की सुटले. पण जाणार कुठे!

रविवार, २७ मार्च
गंमत म्हणून पिन जागेवरच ठेवली. फोन वाजलाच नाही.

सोमवार, २८ मार्च
नणंदेनं नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तिन्ही रविवारी ती आईला एकच विचारणार होती — कायमची राहायला येतेस का? खोली रंगवून तयार होती. आई फोन उचलत नाही म्हणजे तिला यायचं नाही, असं धरून तिनं काल त्या खोलीत तिच्या सासऱ्यांना आणलं. "आईला सांगू नकोस," नवरा म्हणाला, "जिवाला लावून घेईल."

संध्याकाळी सासूबाईंनी माझा हात धरला. सोडेचनात. "आता मला तूच. मरेपर्यंत तुला सोडून कुठे जायची नाही."